जुने युद्धमथळे आणि त्यांचे न घडलेले परिणाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महायुद्धांच्या काळातले वर्तमानपत्री मथळे शब्दशः खरे मानायचे आणि पुढे काय काय झाले असते ते गंभीर चेहऱ्याने लिहायचे, असा हा उद्योग. त्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरे एकदाच इथे लिहून ठेवली आहेत. ओळीने वाचायलाच हवीत असे नाही. जिथे एक उत्तर दुसऱ्यात अडकते तिथे क्रमांक दिला आहे.

१. हा नेमका प्रकार काय आहे?

उदाहरणच देतो. १९४२ मध्ये ब्रिटिश जनतेला सांगण्यात आले की इंधन वाचवायचे आहे, तेव्हा अंघोळीच्या टबात पाच इंचांपेक्षा जास्त गरम पाणी घेऊ नका. राजे सहावे जॉर्ज यांनी राजवाड्यातल्या टबांना त्या उंचीवर रेघ मारून घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट बकिंगहॅम राजवाड्यात उतरल्या, तेव्हा त्यांच्याही टबात ती रेघ होती. इथवर सगळे खरे.

समजा, आता राजवाड्याला रेघ-तपासनीस नेमावा लागला. त्याच्याकडे फूटपट्टी, टॉवेल आणि डोळ्यांवर बांधायचा रुमाल. रुमाल बांधला की रेघ दिसत नाही, सोडला की पाहुण्या दिसतात. म्हणून फाइल परराष्ट्र खात्याकडे जाते. परराष्ट्र खाते उलट विचारते, अध्यक्षांच्या पत्नीला पाच इंच, तर राजदूताला किती? पोर्तुगालच्या राजदूताला साडेतीन इंच मिळतात आणि तो देश युद्ध संपेपर्यंत तटस्थ राहतो.

बादली-तांब्याने अंघोळ करणारा माणूस या आदेशातून सुटतो का, असेही बरेच जण विचारतात. सुटत नाही. बादलीत पाच इंच म्हणजे मोजके तांबे, ते ‘हर हर गंगे’ म्हणेपर्यंत संपतात.

२. मथळे आणि बातम्या खऱ्या असतात की तुम्हीच रचता?

बातमी खरी, परिणाम रचलेला. दोन्हींच्या मधली भिंत म्हणजे ‘समजा’ हा शब्द. त्याच्या अलीकडचे सगळे घडलेले आहे आणि पलीकडचे त्या परिच्छेदापुरते काहीही घडलेले नाही. पोर्तुगाल तटस्थ होता हे खरे, पण त्याला टबाचा काही संबंध नव्हता. एका वाचकाने ते परीक्षेत लिहिले म्हणे. आम्ही जबाबदार नाही.

३. युद्धाचेच मथळे का? निवडणुकीचे, क्रिकेटचे का नाहीत?

कारण युद्धातला मथळा वाचकाला कामाला लावतो. भांडी द्या, बटाटे लावा, दिवे झाका, तोंड बंद ठेवा. कागदाच्या टंचाईमुळे ब्रिटिश दैनिके चार-चार पानांवर आली होती, वर सेन्सॉर बसलेला, त्यामुळे तपशिलाला जागाच नसे. हुकूम मोठ्या टाइपात आणि खुलासा कुठेच नाही, अशी अवस्था झाली की खुलासा करायला आमच्यासारखे रिकामटेकडे लागतात. क्रिकेटचे म्हणाल तर ते युद्धात शिरलेच होते. प्रश्न ११ पाहा.

४. घरातल्या भांड्यांची खरोखर विमाने झाली का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. जुलै १९४० मध्ये विमान-उत्पादन मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी ब्रिटनमधल्या गृहिणींना आवाहन केले की तुमची ॲल्युमिनियमची पातेली द्या, आम्ही त्यांची स्पिटफायर आणि हरिकेन विमाने करू. रांगा लागल्या. पातेली, किटल्या, केक भाजायचे साचे, जे हाताला लागले ते बायकांनी आणून दिले आणि गावोगाव ढीग उभे राहिले. दुकानांत मात्र नवी ॲल्युमिनियमची भांडी विकायला होतीच, तेव्हा सरकार तीच का उचलत नाही, असे काही जणींनी विचारलेही. शिवाय घरगुती भांड्यांतला बराचसा धातू विमानाच्या प्रतीचा नव्हता. म्हणजे अमुक पातेले तमुक विमानात गेले, असे काही दाखवता येत नाही.

समजा, दाखवता आले असते. मग पंधरा हजार फुटांवर गेल्यावर इंजिनातून शिट्टी ऐकू येते आणि वैमानिकाला कळते की आपल्याला किटलीचा भाग मिळालाय. तो चहाच्या वेळी खाली उतरतो, कारण विमानालाच सवय आहे. केंटमधल्या एक आजी खात्याला पत्र पाठवतात: माझे दुधाचे पातेले सध्या कोणत्या तळावर आहे? त्याला मंद आच लागते, हे संबंधितांना कळवावे. युद्ध संपल्यावर ते झाकणासकट परत मिळावे. खाते उत्तर देते की झाकण वेगळ्या तुकडीत आहे.

हे आवाहन आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत आले असते तर, असे पुढचे पत्र हमखास असते. समजा, आले असते. पहिली अडचण म्हणजे आपल्याकडची भांडी पितळेची, म्हणजे विमान धावपट्टीवरून उठेपर्यंत युद्ध संपणार. दुसरी अडचण मोठी आहे. आपल्या भांड्यांवर नावे घातलेली असतात. जर्मन वैमानिक नेम धरतो तर समोरच्या पंखावर ‘चि. सौ. कां. कमल हिस मामाकडून सप्रेम’ असे टाचणीच्या ठिपक्यांत कोरलेले. मामाचे नाव वाचल्यावर गोळी झाडायची कशी? आणि झाडलीच, विमान पडलेच, तर ढिगाऱ्यातून तो पंख शोधून परत मागणारी कमल लवादापुढे उभी राहणार. नाव आहे ना वर.

५. मुंबई आणि बडोद्याच्या नावाच्या स्क्वाड्रन खरेच होत्या का?

होत्या. ब्रिटिश हवाई दलात १३२ क्रमांकाची स्क्वाड्रन ‘सिटी ऑफ बॉम्बे’, १२४ क्रमांकाची ‘बडोदा’ आणि १५२ क्रमांकाची ‘हैदराबाद’ म्हणून ओळखली जात असे. युद्धनिधीला इकडून पैसे गेले आणि नावे तिकडे लागली. तिन्ही स्क्वाड्रनांनी स्पिटफायर उडवली.

त्या निधीचे दरपत्रक मला फार आवडते. अख्ख्या विमानाची किंमत नाममात्र पाच हजार पौंड धरली होती, पण ज्याला जेवढे परवडेल तेवढे द्यावे म्हणून सुटे भागही लावले होते. पंख दोन हजार पौंड, रिव्हेट म्हणजे पत्रे जोडायची खिळी सहा पेन्स. रुपयाचा दर तेव्हा एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे अठरा पेन्स होता. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे एक रिव्हेट पाच आणे चार पैला पडली.

समजा, गिरगावातल्या एका चाळीने एक रिव्हेट घ्यायची ठरवली. वर्गणी गणपतीची असते तशीच निघते. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, पावती आमच्या नावाने फाडा. दुसरा मजला म्हणतो, गेल्या वर्षीचा हिशेब आधी दाखवा. तळमजल्यावरच्या काकांचा मुद्दा तात्त्विक आहे: रिव्हेट विमानाच्या कोणत्या बाजूला बसणार? डावीकडे बसणार असेल तर चार पै कमी. तीन महिन्यांनी पाच आणे जमतात, चार पै येणे राहते आणि चाळीच्या फळ्यावर नोटीस लागते की काही रहिवाशांमुळे ब्रिटनचे रक्षण खोळंबले आहे.

६. गाजर खाल्ल्याने अंधारात दिसते ही बातमी तेव्हाच आली का?

समजूत जुनी आहे, पण ती घराघरांत पोचली युद्धात. १९४० च्या हिवाळ्यापासून जॉन कनिंगहॅम हा ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या अंधारात जर्मन विमाने पाडू लागला. खरे कारण होते विमानात बसवलेले रडार. ते गुप्त, त्यामुळे वर्तमानपत्रांतून पसरली ती त्याच्या मांजरासारख्या डोळ्यांची आणि गाजरांची गोष्ट. लॉर्ड वुल्टन यांच्या अन्न खात्याला ती सोयीचीच होती, कारण साखर कमी आणि गाजरे रग्गड. ‘डॉक्टर कॅरट’ नावाचे चित्रातले गाजर हातात बॅग घेऊन घरोघर उपदेश करू लागले. पोरांना आइसक्रीमच्या जागी काडीला खोचलेले गाजर मिळाले.

यातला वैद्यकीय भाग एवढाच की अ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो आणि गाजराने तो अभाव भरून निघू शकतो. अभाव नसलेल्याने पोतेभर गाजरे खाल्ली तरी रात्री वर्तमानपत्र वाचता येत नाही.

समजा, आले असते. आख्खे लंडन गाजर खाते आणि दोन आठवड्यांत ब्लॅकआउटचा अर्थच संपतो. शहर बाहेरून काळेकुट्ट, आत लोक आरामात विणकाम करताहेत. दिवे झाकले आहेत का ते पाहत फिरणाऱ्या वॉर्डनला काम उरत नाही, म्हणून तो लोकांच्या ताटातली गाजरे मोजू लागतो. बागेतली प्रेमी युगुले शिष्टमंडळ घेऊन जातात की आम्हाला आमचा अंधार परत द्या. चोर तक्रार करतात की घरमालक आता जिन्यातच नाव घेऊन हाक मारतो. खाते घाईने उलट मथळा देते की बीट खाल्ल्याने कमी दिसते. बिटाचा काळाबाजार सुरू होतो.

७. ब्लॅकआउटमध्ये गाईंना पांढरे पट्टे मारले होते म्हणे. हे तरी तुम्ही रचले ना?

नाही. १९३९ मध्ये इंग्लंडमधल्या काही शेतकऱ्यांनी खरोखर गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे ओढले, कारण अंधारात दिवे झाकलेल्या मोटारींना त्या दिसत नसत. पुरुषांना तर सल्ला होता की रात्री चालताना सदऱ्याचे मागचे टोक विजारीबाहेर सोडा, म्हणजे मागून येणाऱ्याला पांढरे काहीतरी दिसेल.

अशा बातम्यांसाठी आमच्याकडे वेगळे पाकीट आहे, त्यावर लिहिले आहे ‘परिणाम आधीच झाला’. त्यांत भर घालण्याचा मोह टाळलेला बरा. गाय आधीच पट्टेदार आहे, तिला आणखी काय करणार?

८. विजारीची दुमड का बंद केली? आणि धोतराचे काय?

कापड वाचवायला. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर कूपन आले आणि १९४२ मध्ये पुरुषांच्या विजारीच्या पायाशी असलेली दुमड बंद झाली. खिशांच्या संख्येवरही मर्यादा आली. त्या वेळी व्यापार खाते ह्यू डाल्टन यांच्याकडे होते. लोकांनी काय केले? शिंप्याकडून विजार मुद्दाम लांब शिवून घेतली आणि घरी जाऊन स्वतः दुमडली. म्हणजे कापड वाचले नाहीच, वर घरोघरी पुरुष सुई-दोरा घेऊन बसले.

आता धोतर. समजा, हाच हुकूम पुण्यात लागू झाला असता. निरीक्षक येतो आणि समोरच्या गृहस्थांना विचारतो, तुमच्या वस्त्राला दुमडी किती? गृहस्थ विचारतात, निऱ्या मोजायच्या की कासोटा धरून? निरीक्षक लंडनला तार करतो. लंडन म्हणते, नमुना पाठवा. नमुना पाठवला जातो, पण घालायचा कसा हे सोबत लिहिलेले नसते. संसदेत प्रश्न येतो की हे सुमारे साडेचार वार कापड एकही टाका न घालता कसे टिकते? समिती नेमली जाते. समितीच्या तिसऱ्या बैठकीत एक सदस्य ते नेसून दाखवायला उठतो आणि बैठक तहकूब होते.

९. लग्नाच्या केकचा पुठ्ठा हा काय प्रकार?

ऑगस्ट १९४० पासून केकवर साखरेचे आइसिंग घालायला बंदी झाली. मग बेकऱ्यांनी पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टरचे पांढरेशुभ्र तीन मजली टोपण भाड्याने द्यायला सुरुवात केली. ते उचलले की खाली एवढासा केक.

समजा, एकच टोपण तालुक्यातल्या सगळ्या लग्नांना गेले. पाद्री बदलतात, वऱ्हाडी बदलतात, टोपण तेच. हळूहळू लोक त्यालाच आधी नमस्कार करतात. आपल्याकडच्या आहेराच्या साडीला हे काही नवीन नाही.

१०. रस्त्यांवरच्या पाट्या काढल्यावर शत्रू खरोखर वाट चुकला का?

शत्रूचे सैन्य आलेच नाही, त्यामुळे चुकायला वावच मिळाला नाही. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन आक्रमणाची धास्ती होती, तेव्हा इंग्लंडमधल्या दिशादर्शक पाट्या उपटल्या, मैलाचे दगड हलवले, स्टेशनांची नावे झाकली. अनोळखी माणसाला रस्ता सांगू नका, असेही बजावले. वाट चुकले ते घरचेच. जून १९४० मध्ये चर्चच्या घंटाही गप्प केल्या. त्या वाजल्या तर शत्रू उतरला असे समजायचे होते. पुढे नोव्हेंबर १९४२ मध्ये त्या वाजल्या त्या इजिप्तमधल्या अल अलामीनच्या विजयासाठी.

समजा, एक जर्मन छत्रीधारी सैनिक इंग्लंडमधल्या डेव्हनच्या शेतात उतरला. बांधावर म्हातारा बसलाय. शिपाई विचारतो, लंडन कुठे? म्हातारा म्हणतो, सांगायची मनाई आहे. मग हे गाव कोणते? तेही नाही. निदान मी कुठे नाहीये ते सांगा. म्हातारा जरा विचार करून म्हणतो, तुम्ही बर्लिनमध्ये नाही आहात. यावर नियमात काही नसते.

जर्मनीहून एक जण मात्र खरोखर आला आणि त्याला पाट्यांची गरजही पडली नाही. हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस १० मे १९४१ च्या रात्री एकटाच विमान घेऊन निघाला आणि स्कॉटलंडमध्ये ईगलशॅमजवळ छत्रीने उतरला. त्याला हॅमिल्टनच्या ड्यूकला भेटायचे होते, तहाची बोलणी करायची होती. नाव त्याने खोटे सांगितले, आल्फ्रेड हॉर्न. एका नांगऱ्याने त्याला घरी नेले, नांगऱ्याच्या आईने चहा विचारला आणि तिसऱ्या राइशचा हा पुढारी आपल्याकडचा कोणताही पाहुणा जे म्हणतो तेच म्हणाला, चहा नको, पाणी चालेल. हेसवरचे परिणाम मागणाऱ्यांना हेच उत्तर. पाकीट कोणते, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

११. ‘७८ विरुद्ध २६, इंग्लंड अजून फलंदाजी करतेय’ असा फलक खरेच लागला होता? आणि हा कुठला स्कोअर?

लागला होता. १९४० च्या हवाई लढाईत लंडनचे वर्तमानपत्र विक्रेते पाडलेल्या विमानांचे आकडे खडूने फलकावर लिहीत, अगदी मैदानातल्या धावफलकासारखे. त्यातला हा सर्वांत गाजलेला.

‘कुठला स्कोअर’ हा आक्षेप घेणारी पत्रे जवळजवळ सगळी दादर, शिवाजी पार्क परिसराची शैली दाखवतात. आक्षेप रास्त आहे. ७८ धावा असतील तर २६ काय? गडी दहाच असतात. इंग्लंड फलंदाजी करतेय तर विमाने पाडतेय कोण, गोलंदाज कोण? ज्या शहराने डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबॉर्नवर पंचरंगी सामन्याच्या अंतिम फेरीत विजय हजारे यांना संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ करताना पाहिले, त्याला असा ढिसाळ स्कोअर चालणार नाही.

त्यातही मोठी गंमत १५ सप्टेंबर १९४० ची. त्या दिवशी १८५ जर्मन विमाने पाडली असे जाहीर झाले आणि मथळे तसेच आले. युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्या तर आकडा साठच्या आसपास निघाला. मुद्दाम फसवले असे नाही, एकच विमान पडताना तिघांनी पाहिले तर तिघेही ते स्वतःच्या खात्यात लिहीत.

समजा, स्कोअर खरोखर क्रिकेटच्या नियमांनी ठेवला असता. दोन्ही बाजूंचे स्कोअरर एकाच तंबूत बसतात आणि दर षटकानंतर वह्या जुळवतात. जर्मन स्कोअरर १८५ वर सही करायला नकार देतो. पंच चेंडू, म्हणजे विमान, मागवतात. ते इंग्लिश खाडीत आहे. चार वाजता चहापान होते. मग ढग येतात, उजेड कमी असल्याचे अपील होते आणि लुफ्तवाफ, म्हणजे जर्मन हवाई दल, रात्री खेळायला तयार असल्याने प्रकरण क्रिकेटचे नियम करणाऱ्या मेरिलबोन क्लबाकडे जाते. निकाल येईपर्यंत १९४५ उजाडते, तो ‘अनिर्णित’ असतो आणि चर्चिल राजीनाम्याच्या गोष्टी करू लागतात.

१२. मथळा आधी छापला आणि घटना नंतर घडली, तर तो घ्यायचा का?

घ्यायचा. नमुना म्हणून ७ नोव्हेंबर १९१८ घ्या. युनायटेड प्रेसचे रॉय हॉवर्ड यांनी फ्रान्सहून तार पाठवली की युद्धविराम झाला. न्यूयॉर्कमध्ये लोक कामे टाकून रस्त्यावर आले, खिडक्यांतून कागदांचा पाऊस पडला. युद्धविराम झालाच नव्हता. तो चार दिवसांनी झाला आणि सगळ्यांनी पुन्हा नाचून घेतले.

समजा, तो अंक चुकून आघाडीवर पोचला. खंदकातला सार्जंट तो वाचून टोपी काढतो आणि समोरच्या खंदकाला ओरडून विचारतो, तुमच्याकडे कोणता अंक आलाय? त्यांच्याकडे कालचा. मग दोन्ही बाजू ठरवतात की ज्याच्याकडे आजचा अंक त्याने आज लढायचे नाही. पेपर टाकणारा पोऱ्या हा युरोपातला सर्वांत ताकदवान माणूस होतो आणि दोन्ही सेनापती त्याला दिवाळीचे पोस्त पाठवतात. ख्रिसमसचे म्हणा हवे तर.

१३. आणि घटनाच घडली नसेल तर?

तेही चालते. फेब्रुवारी १९४२ मध्ये लॉस एंजेलिसच्या आकाशात जपानी विमाने आली असे समजून रात्रभरात चौदाशेच्या आसपास तोफगोळे उडवले गेले. विमान एकही पडले नाही, कारण आलेच नव्हते. नौदलाचे मंत्री म्हणाले भ्रम, आणि दुसऱ्या दिवशी लॉस एंजेलिस टाइम्सचा मथळा होता की लष्कर म्हणते इशारा खराच. समजा, दोघेही बरोबर. मग सरकारला इतिहासातली एकमेव अशी लढाई नोंदवावी लागते जिच्यात शत्रू गैरहजर असूनही त्याला पळवून लावले. हजेरीपटावर त्याची बिनपगारी रजा मांडतात.

१४. एखाद्याने गंमत म्हणून रचलेले लोकांनी खरे मानले तर?

ही या उद्योगातली खरी जोखीम, आणि तिचा बळी आमच्या आधीच गेला आहे. २९ सप्टेंबर १९१४ रोजी लंडनच्या इव्हिनिंग न्यूजमध्ये आर्थर मॅकेन यांची एक कथा छापून आली. बेल्जियममधल्या माँसच्या माघारीत संकटात सापडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या मदतीला जुन्या काळच्या धनुर्धाऱ्यांची भुते धावून येतात, अशी. कथा वृत्तांताच्या थाटाची होती. वाचकांनी ती बातमी समजून घेतली. पुढच्या वर्षी धनुर्धाऱ्यांचे देवदूत झाले आणि ते प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणारेही निघाले. मॅकेन सांगत राहिले की मी रचलीय हो. लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

त्याच सुमारास ब्रिटनभर अशीही वदंता होती की रशियन सैन्य गुपचूप स्कॉटलंडमध्ये उतरून आगगाडीने दक्षिणेला चालले आहे. पुरावा काय, तर त्यांच्या बुटांवर बर्फ होता. ऑगस्ट-सप्टेंबरात. सरकारला सप्टेंबरात रीतसर इन्कार करावा लागला. समजा, बर्फ खरा असता. मग प्रत्येक डब्यात भुसा भरलेली पेटी घेऊन एक बर्फवाला बसवावा लागतो, जो स्टेशन आले की सैनिकांच्या बुटांवर ताजा चुरा टाकतो. लंडन येईपर्यंत चुरा संपतो आणि रशियन ओळखू येईनासे होतात.

या धड्यामुळेच ‘समजा’ हा शब्द आम्ही कधी गाळत नाही (प्रश्न २).

१५. आपल्याकडचे मथळे का घेत नाही?

घेतो, पण जपून. ऑगस्ट १९४२ नंतर इथल्या पत्रांवर भारत संरक्षण नियमांची तलवार होती, गांधीजींचे हरिजन बंद पडले होते आणि खरी बातमी हातोहात फिरणाऱ्या पत्रकांतून किंवा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेल्या गुप्त रेडिओवरून कळे. मथळ्यात जे नव्हते तेच महत्त्वाचे, असा तो काळ. त्यावर हा खेळ जमत नाही.

घड्याळावर मात्र जमतो. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची प्रमाणवेळ एक तास पुढे ढकलली होती. त्याआधीपासून मुंबईचे स्वतःचे वेगळे दुखणे होतेच. ‘मुंबई टाइम’ हा प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे, आणि शहराच्या काही भागांत तो हट्टाने १९५५ पर्यंत चालला. ब्रिटनमध्ये १९४१ पासून उन्हाळ्यात घड्याळ चक्क दोन तास पुढे असे. तिथल्या गाईंनी ते मानले नाही. पट्टेवाल्या गाई वेगळ्या.

समजा, मुंबईने आपली वेळ सोडली नाही आणि दिल्लीने आपला तास. फरक एक तास एकोणचाळीस मिनिटांचा. कारकून प्रमाणवेळेच्या घरातून नऊला निघतो आणि मुंबई टाइमच्या कचेरीत आठच्या आत पोचतो. साहेब खूश. संध्याकाळी उलट होते, तो पाचला सुटतो आणि सातनंतर घरी, अन् बायको विचारते, मधले दोन तास कुठे होता? हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की सगळे विचारतात, कुठल्या वेळेने? जपान्यांना तार जाते, कृपया वेळ नक्की करा.

इंग्लंडमध्ये १९४० साली अशी अफवा गावोगाव होती की जर्मन रेडिओवरून इंग्रजीत प्रचार करणाऱ्या लॉर्ड हॉ-हॉने आमच्या चौकातले घड्याळ दोन मिनिटे मागे असल्याचे सांगितले. माहिती खात्याने शोध घेतला, असे प्रसारण सापडले नाही. मुंबईबद्दल तो असे बोलूच शकला नसता. कोणत्या वेळेपेक्षा मागे, हे आधी त्याला ठरवावे लागले असते.

दुसरी लाडकी बातमी १९४३ च्या भोकाच्या पैशाची. तांबे वाचवायला पैशाच्या मधोमध मोठे भोक पाडले. समजा, वाण्याने भोकाची वजावट मागितली. एक पैशाचे मीठ द्या, तर तो मिठाच्या पुडीला मधोमध भोक पाडून देतो. मिठापेक्षा पुडी महाग, कारण कागदाची टंचाई (प्रश्न ३).

१६. कशावर गंमत करत नाही?

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन या बोटीचा स्फोट झाला. बोटीत कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा होत्या. विटा उडून दूरवर पडल्या, एक तर एका घराच्या छपरातून आत आली आणि त्या गृहस्थांनी ती परत केली. आकाशातून सोने पडले या मथळ्यावर काहीतरी लिहा, अशी मागणी दर एप्रिलमध्ये येते. त्या स्फोटात शेकडो माणसे गेली, हजारो बेघर झाली. नाही लिहिणार. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाबद्दलही तेच. खात्यांची, मंत्र्यांची, आकड्यांची आणि विजारींची टिंगल हवी तेवढी करा.

१७. शब्दकोडे चालेल का? ते काही मथळा नाही.

एकच कोडे चालते. मे १९४४ मध्ये डेली टेलिग्राफच्या शब्दकोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून असे शब्द उत्तरांत येऊ लागले. हे सगळे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या गुप्त मोहिमेतले सांकेतिक शब्द. कोडी करणारे लेनर्ड डॉ हे शाळेचे मुख्याध्यापक, त्यांच्या दारात गुप्तहेर खात्याची माणसे उभी राहिली. कट वगैरे काही निघाला नाही.

समजा, हिटलर तो अंक मागवत होता. पण आडवे चार अक्षरी सुटत नसल्याने उभे नऊ अक्षरी अडले, सेनापतींना बोलावले, तेही अडले. ६ जूनला उत्तर समुद्रमार्गे आले.

१८. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत जुने कात्रण सापडले आहे. पाठवू का?

जरूर. मूळ कागद पाठवू नका, फोटो पुरे. पत्राचे नाव आणि तारीख दिसत असेल तर कोपरा कापू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका. आणि मागच्या बाजूचाही फोटो काढा. पुढे जर्मन सेनापती रोमेल माघार घेत असतो आणि मागे मलमाची अर्धी जाहिरात असते. परिणाम बहुतेक वेळा तिथूनच सुरू करावा लागतो.